पाण्यातच राहण्यासाठी आलेले पाय

गेली काही वर्षं एका माशावर जगभरातून राग काढला जातो आहे. मासा मरून ३७.५ कोटी वर्षं झाली, तरी राग ताजा आहे. त्याचं नाव टिक्टालिक. मगरीसारखं चपटं डोकं, डोक्यावर बसवलेले डोळे, पुढचे दोन पर चिखलात रोवून अर्धं अंग पाण्याबाहेर काढलेलं, असं त्याचं एक चित्र इंटरनेटवर फिरत असतं आणि त्याखाली लोक आपापली गाऱ्हाणी लिहितात. हा गृहस्थ त्या दिवशी पाण्यातच राहिला असता तर आज सोमवारी सकाळी कामावर जावं लागलं नसतं, घरभाडं भरावं लागलं नसतं, कंबरदुखी नसती, प्राप्तिकर नसता. काही चित्रांत तर माणूस हातात काठी घेऊन त्याला परत पाण्यात ढकलताना दिसतो. विनोद फार गोड आहे. साध्या माणसाला आपली वंशावळ माशापर्यंत जाते हे इतक्या सहज पटलेलं पाहून आनंद वाटतो. पण या विनोदाच्या मुळाशी एक समजूत आहे आणि ती तपासून पाहण्यासारखी आहे. समजूत अशी, की कोणा एका माशाने पाणी सोडायचं ठरवलं, मग तो धडपडत किनाऱ्यावर चढला आणि चढताचढता त्याला पाय फुटले. विसाव्या शतकातला बराच काळ शास्त्रीय लिखाणातही याच समजुतीच्या निरनिराळ्या आवृत्त्या होत्या. खडकांतून निघालेला पुरावा मात्र उलट सांगतो. पाय, फुप्फुसं, मान, वर पाहणारे डोळे या साऱ्या गोष्टी पाण्यात राहणाऱ्यांनी पाण्यात राहण्यासाठीच कमावल्या. जमिनीवर जायचा बेत कोणाचाच नव्हता.

आधी एक गैरसमज दूर करावा लागेल. माशांचे हे वंशज जमिनीवर पोचले तेव्हा ती ओसाड नव्हती. डेव्होनियन कालखंड, म्हणजे सुमारे ४२ ते ३६ कोटी वर्षांपूर्वीचा काळ, सुरू व्हायच्या कितीतरी आधी वनस्पती किनाऱ्यावर आल्या होत्या. त्यांच्यामागून सहस्रपाद, माइट आणि कोळ्यांचे चुलत नातेवाईक आले. स्कॉटलंडमधल्या रायनी गावाजवळच्या खडकात ४० कोटी वर्षांहून जुनी अशी एक अख्खी चिमुकली वसाहत गोठून राहिली आहे. त्यात झाडांच्या देठांमधल्या पेशी दिसतात आणि त्यांच्या आसपास वावरणारे कीटकवर्गीय जीवही दिसतात. पाठीचा कणा असलेले प्राणी तिथे पोचले ते यानंतर काही कोटी वर्षांनी. जमीन जिंकायला निघालेला शूर मासा हे दृश्य इथेच ढासळतं. तो पोचला तेव्हा जंगलं उभी होती, पाचोळा पडत होता, किडे आपापल्या उद्योगाला लागले होते.

जुन्या सिद्धान्ताकडे वळू, कारण तो चुकीचा असूनही त्यात एक अतिशय मार्मिक गोष्ट दडली होती. अमेरिकी भूवैज्ञानिक जोसेफ बॅरेल यांनी १९१६ साली डेव्होनियन काळातल्या लाल खडकांवरून असा तर्क केला की त्या वेळी हवामान कोरडं होतं आणि तळी वारंवार आटत होती. पुढे आल्फ्रेड रोमर यांनी १९३०च्या दशकात त्यावर आपली मांडणी उभारली. तळं आटलं की मासे मरणार; पण ज्याचे पर जरा दणकट असतील तो खुरडत शेजारच्या तळ्यापर्यंत पोचेल आणि वाचेल. पिढ्यान्‌पिढ्या हेच होत गेलं आणि परांचे पाय झाले. यातली गंमत रोमर यांना स्वतःलाही पुरती उमगली होती: त्यांच्या माशाला जमीन नको होती, पाणी हवं होतं. हा मुद्दा बरोबर होता. चुकलं ते कारण. लाल खडक कोरड्या हवेतच बनतात असं नाही, ओलं-सुकं ऋतुचक्र असलेल्या उष्ण प्रदेशातही ते बनतात. १९५७ मध्ये रॉबर्ट इंगर यांनी दुसरा आक्षेप घेतला. आजचे मासे पाहिले तर तळं आटत असताना सहसा ते बाहेर पडत नाहीत, उरलेल्या पाण्यात किंवा चिखलात दडून बसतात; दमट हवेत, आसपास ओलावा भरपूर असताना ते बाहेर फिरायला निघतात. तरीही रोमर यांची गोष्ट पाठ्यपुस्तकांत दीर्घकाळ टिकली. ती सांगायला सोपी होती आणि तिच्यात संकट होतं, प्रवास होता, सुटका होती. एवढं असलं की पुरावा थोडा कमी पडला तरी गोष्ट तरून जाते.

पुरावा यायला सुरुवात झाली ती पूर्व ग्रीनलंडमधून. १९३१ साली डॅनिश मोहिमेतून तिथे गेलेल्या गुन्नार सेव्हे-सोडरबर्ग या एकवीस वर्षांच्या स्वीडिश तरुणाला पाय असलेल्या डेव्होनियन प्राण्याचे अवशेष मिळाले. पुढच्या वर्षी त्याने त्याला इक्थिओस्टेगा हे नाव दिलं. चार पाय, पण शेपटीला माशाच्या परात असतात तसे हाडांचे किरण. सेव्हे-सोडरबर्ग १९४८ मध्ये तरुणपणीच गेले आणि काम एरिक यार्विक यांच्याकडे आलं. यार्विक हे विलक्षण चिकाटीचे गृहस्थ. युस्थेनॉप्टेरॉन या जुन्या माशाच्या कवटीचे त्यांनी घासून घासून अतिपातळ थर काढले, प्रत्येक थराची नोंद केली आणि त्यावरून कवटीची मेणाची भलीमोठी प्रतिकृती उभी केली. इक्थिओस्टेगावरचा त्यांचा अंतिम ग्रंथ निघाला तो १९९६ साली, म्हणजे शोधानंतर ६५ वर्षांनी. इतक्या वर्षांत त्यांनी रेखाटलेल्या इक्थिओस्टेगाच्या पायाला बोटं पाच होती. पाच असणारच, अशी सर्वांची खात्री होती. माणसाला पाच, बेडकाच्या मागच्या पायाला पाच, पालीला पाच. मूळपुरुषाला वेगळी कशी असतील?

ही खात्री मोडली जेनी क्लॅक यांनी. केंब्रिजच्या प्राणिशास्त्र संग्रहालयात काम करणाऱ्या क्लॅक यांना १९७० सालच्या एका विद्यार्थ्याची क्षेत्रवही मिळाली. जॉन निकल्सन हा भूशास्त्राचा विद्यार्थी. ग्रीनलंडच्या एका डोंगरावर, सुमारे ८०० मीटर उंचीवर, कवटीची हाडं विपुल असल्याचं त्याने नोंदवलं होतं आणि त्याने आणलेले दगड तिथूनच पावलांवर असलेल्या भूशास्त्र संग्रहालयाच्या कप्प्यात पडून होते. १९८७ मध्ये क्लॅक त्या डोंगरावर गेल्या आणि अकँथोस्टेगा या प्राण्याचे इतके उत्तम सांगाडे घेऊन आल्या की सगळा विषयच नव्याने लिहावा लागला. १९९० मध्ये त्यांनी आणि मायकेल कोट्स यांनी जाहीर केलं की अकँथोस्टेगाच्या पुढच्या पायाला आठ बोटं आहेत. इक्थिओस्टेगाच्या मागच्या पायाला सात निघाली. रशियात सापडलेल्या ट्युलरपेटॉनला सहा होती. पाच ही संख्या कोणी आरंभी ठरवून दिलेली नव्हती, ती बऱ्याच उशिरा पक्की झाली. जरा वेगळ्या वळणाने घडलं असतं तर आपण आज सोळाच्या पटीत मोजत बसलो असतो, शाळेतल्या पोरांना पाढेही वेगळेच म्हणावे लागले असते.

बोटांच्या बातमीने गाजावाजा झाला खरा, पण माझ्या मते अकँथोस्टेगाची खरी साक्ष त्याच्या घशात आणि मनगटात आहे. घशाशी असलेल्या हाडांवर रक्तवाहिन्यांच्या पन्हळी आहेत, तशाच जशा माशांच्या कल्ल्यांच्या हाडांवर असतात. म्हणजे हा आठ बोटांचा प्राणी कल्ल्यांनी श्वास घेत होता. शेपूट उंच, किरणांनी ताणलेली, पोहायला योग्य. फासळ्या आखूड, जमिनीवर पोट टेकलं तर फुप्फुसांचा भार झेलू न शकणाऱ्या. मनगटाचा सांधा धड बनलेला नाही, कोपर वजन उचलायला वळत नाही. या पायांवर हा प्राणी जमिनीवर उभाच राहू शकला नसता. मग पाय कशाला? झुडपांनी आणि पडलेल्या फांद्यांनी भरलेल्या उथळ पाण्यातून वाट काढायला, तळाला टेकून स्थिर राहायला, दबा धरायला. आधी पाय आले आणि मग चालणं आलं, मधे फार मोठा काळ गेला, हे इथे प्रथम स्वच्छ दिसलं. १९३०च्या दशकापासून चालत आलेली गोष्ट एका डोंगरावरच्या दगडांनी उलटी करून ठेवली.

आता त्या बदनाम टिक्टालिककडे येऊ. नील शुबिन, टेड डॅशलर आणि फॅरिश जेन्किन्स यांचा हिशेब सरळ होता. ३८ कोटी वर्षांहून जुन्या खडकांत पायाची चाहूल असलेले मासे मिळतात, ३६.५ कोटी वर्षांच्या खडकांत बोटं असलेले प्राणी मिळतात. तर मधल्या वयाचे, नदीच्या गाळाने बनलेले खडक कुठे उघडे पडलेत ते शोधायचं. एका पाठ्यपुस्तकातल्या नकाशाने कॅनडाच्या आर्क्टिक बेटांकडे बोट दाखवलं. १९९९ पासून त्यांनी तिथे उन्हाळी मोहिमा काढल्या आणि २००४ साली एल्स्मिअर बेटावर टिक्टालिक हाती लागला. आज तिथे बर्फ असतं. तेव्हा तो भूभाग विषुववृत्ताजवळ होता. २००६ मध्ये वर्णन प्रसिद्ध झालं, नाव नुनावुतच्या वडीलधाऱ्या इनुइट मंडळींनी सुचवलं. शरीर खवल्यांनी झाकलेलं, परांना किरण आहेत, म्हणजे मासाच. पण पराच्या आत दंडाचं हाड, त्यापुढे दोन हाडं, आणि त्यापुढे मनगटासारखा वळणारा सांधा. सामान्य माशाचे खांदे डोक्याला हाडांनी जोडलेले असतात, त्यामुळे त्याला इकडेतिकडे पाहायचं तर सगळं अंग वळवावं लागतं. टिक्टालिकचं डोकं खांद्यापासून सुटलं आहे. त्याला मान आहे, आणि मान ही उथळ पाण्यात राहणाऱ्याचीच गरज. जिथे तळ पोटाला लागतो तिथे सगळं अंग वळवायला जागाच नसते. डोक्याच्या वरच्या बाजूला मोठी श्वासछिद्रं आहेत: ती छिद्रं आणि डोळे पाण्याच्या वर, बाकी देह पाण्यात, असा तो बसत असणार. हात टेकून डोकं वर उचलायचं, एक श्वास घ्यायचा, भक्ष्य दिसतंय का पाहायचं आणि पुन्हा खाली.

डोळ्यांची बाजू २०१७ मध्ये माल्कम मॅकआयव्हर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मोजून दाखवली. या वंशातल्या जीवाश्मांच्या खोबण्या मोजल्यावर दिसलं की डोळे जवळपास तिप्पट झाले, आणि तेही पर पायांत बदलण्याच्या आधी. पाण्याखाली मोठ्या डोळ्याचा फारसा उपयोग नाही, गढूळपणात पुढचं काही दिसतच नाही. हवेत मात्र नजर फार दूर जाते. हे प्राणी पाण्यातून डोळे बाहेर काढून काठावरच्या सहस्रपादांकडे आणि विंचवांकडे पाहत होते, असा या संशोधकांचा निष्कर्ष आहे. मला तो पटतो. काठावर ताट वाढलेलं दिसत होतं आणि ते पाण्यात बसून पाहता येत होतं, इतकाच त्यांचा जमिनीशी संबंध.

फुप्फुसांचं तर त्याहून जुनं. जमिनीवर श्वास घेण्यासाठी फुप्फुसं आली असं सहज वाटतं, पण हाडं असलेल्या माशांच्या अगदी आरंभीच्या पूर्वजांकडेच ती असावीत. उष्ण, साचलेल्या, पाचोळा कुजत असलेल्या पाण्यात प्राणवायू कमी पडतो. वर येऊन एक घोट हवा घेता आली तर तिथेही तग धरता येतो. बहुतेक आधुनिक माशांत त्याच फुप्फुसाची पुढे तरंगायची पिशवी झाली. डार्विन यांनी हा क्रम उलटा मानला होता, आधी पिशवी आणि मग फुप्फुस.

या सगळ्यावर एक वजनदार आक्षेप आहे आणि तो टाळून पुढे जाणं बरं नाही. २०१० च्या जानेवारीत पोलंडमधल्या झाखेउम्ये खाणीतले पावलांचे ठसे प्रसिद्ध झाले. त्यांचं वय सुमारे ३९ कोटी वर्षांच्या पुढचं, म्हणजे टिक्टालिकपेक्षा दीड कोटीहून अधिक वर्षं जुनं. सर्वांत मोठा ठसा २६ सेंटिमीटर रुंद. चालणारे प्राणी जर टिक्टालिकच्या इतके आधी होते, तर टिक्टालिकवर रचलेला सगळा क्रम कोसळतो, असं तेव्हा अनेकांनी म्हटलं. काही संशोधकांच्या मते ते ठसे पावलांचे नसून माशांनी तळ उकरल्याच्या खुणा आहेत, आणि वाद मिटलेला नाही. पण ते पावलांचेच आहेत असं धरून चालू. तरी त्यांतून काय निघतं? त्या मागांमध्ये शेपटी किंवा पोट घासत गेल्याची रेघ नाही. एवढ्या जड, आखूड पायांच्या प्राण्याचं पोट जमिनीला लागत नव्हतं, याचा सरळ अर्थ पाणी त्याला उचलून धरत होतं. ते खडक उथळ समुद्रकाठच्या गाळाचे आहेत. म्हणजे हे ठसे खरे असतील तर पाण्यातलं चालणं आणखी जुनं ठरतं. जमिनीवर चढाईचा पुरावा त्यांतून मिळत नाही. राहिला टिक्टालिक. तो आपला सरळ पूर्वज आहे असा दावा शोधकर्त्यांनीही केलेला नव्हता. तो त्या घराण्यातला, पूर्वजांची ठेवण जपलेला, उशिरापर्यंत टिकलेला काका. कामावर जायचा वैताग काकांवर काढणाऱ्यांनी निदान एवढा विचार करावा, की ते बिचारे बाहेर आले नसते तरी तुमचा सोमवार चुकला नसता.

दुसरा आक्षेप जिवंत माशांवरून घेतला जातो. मासे जमिनीवर चालतात हे डोळ्यांनी दिसतं, मग पूर्वजही मुद्दाम बाहेर पडले असतील यात अवघड काय? कोकणात आणि मुंबई-ठाण्याच्या खाड्यांत निवटी सर्वांना माहीत आहे. ओहोटीला तिवरांच्या मुळाशी चिखलावर ती उड्या मारत फिरते, पकडायला अवघड आणि कालवणाला उत्तम. पण निवटी आपल्या पूर्वजांच्या वंशातली नाही. तिचं घराणं वेगळं, तिने चिखलावर यायची वाट स्वतंत्रपणे आणि फार अलीकडे शोधली. तिचं मोल तुलनेसाठी आहे. २०१२ मध्ये स्टेफनी पियर्स, जेनी क्लॅक आणि जॉन हचिन्सन यांनी इक्थिओस्टेगाच्या सांध्यांची संगणकावर त्रिमितीय तपासणी केली, तेव्हा दिसलं की त्याचे दंड आणि मांड्या चार पायांवर एकाआड एक पाऊल टाकण्याइतक्या फिरतच नाहीत. दोन्ही पुढचे पाय एकदम टेकायचे आणि अंग पुढे ओढायचं, कुबड्यांवर चालावं तसं. हुबेहूब निवटीची चाल. पाठ्यपुस्तकांतून जो इक्थिओस्टेगा ऐटीत चार पायांवर चालताना दाखवला गेला, तो चिखलावर निवटीसारखा सरपटत होता. शिवाय निवटी कल्ल्यांच्या पोकळीत पाणी भरून घेते, कातडी ओली ठेवते, भरती आली की बिळात जाते. बाहेर येतानाही ती पाणी बरोबर घेऊनच येते.

पूर्वजांच्या जवळचा जिवंत साक्षीदार हवा असेल तर तो सीलाकँथ. १९३८ च्या डिसेंबरात दक्षिण आफ्रिकेत ईस्ट लंडन बंदरावर मार्जरी कोर्टनी-लॅटिमर यांना तो मासळीच्या ढिगात दिसला. सहा-सात कोटी वर्षांपूर्वी संपला अशी समजूत असलेल्या गटातला मासा! त्याचे मांसल, देठ असलेले पर पाहून सर्वांना वाटलं की हा समुद्रतळावर चालत असणार, जे. एल. बी. स्मिथ यांनी त्यावरच्या पुस्तकाला चार पायांचा म्हातारा या अर्थाचं नाव दिलं. १९८७ मध्ये हान्स फ्रिके यांनी कोमोरो बेटांजवळ पाणबुडीतून त्याचं चित्रण केलं. म्हातारबुवा एक पाऊलही चालले नाहीत. समोरासमोरचे पर ते चतुष्पादासारखे एकाआड एक हलवतात, पण पोहताना. आणि मधूनच खाली डोकं, वर शेपूट करून उभे राहतात. पायांचा ताल आहे, जमिनीशी घेणंदेणं नाही. माझ्या मुद्द्याला याहून चांगला साक्षीदार मिळणं कठीण.

आणि ज्याला काठीने परत पाण्यात ढकलावं असं लोकांना वाटतं, तसा प्राणी प्रत्यक्षात निघालाही, न ढकलता. टिक्टालिक मिळाला त्याच २००४ च्या मोहिमेत, काही दिवस आधी, एक लहान जीवाश्म सापडला होता. टिक्टालिकच्या गडबडीत तो बाजूला राहिला. पुढे क्ष-किरणांनी आत डोकावल्यावर त्याच्या दंडाचं हाड दिसलं: गुळगुळीत, स्नायू धरायला लागणाऱ्या कंगोऱ्यांशिवाय. हा किकिक्तानिया टिक्टालिकचा जवळचा नातलग, २०२२ मध्ये त्याचं वर्णन आलं. त्याचे पर अंग टेकवायला नालायक, पोहायला उत्तम. संशोधकांच्या मते त्याचे पूर्वज तळावर टेकणारे असावेत आणि तो पुन्हा मोकळ्या पाण्यात गेला. ज्यांना वाटतं की जमिनीकडे एकच सरळ वाट जात होती, त्यांनी याच्याकडे पाहावं. उथळ काठावर या घराण्याच्या अनेक शाखा नांदत होत्या आणि प्रत्येकजण आपल्या सोयीने कमीजास्त ओला राहत होता.

मग शेवटी जमिनीवर पक्कं चालायला कोण लागलं? डेव्होनियन संपताना मोठा विनाश झाला आणि नंतरच्या सुमारे दीड कोटी वर्षांतले जीवाश्म इतके कमी मिळत, की त्या कालावधीला रोमर यांचंच नाव मिळालं, रोमरची पोकळी. १९७१ मध्ये स्कॉटलंडमध्ये डम्बार्टनजवळ त्या पोकळीतला एक सांगाडा मिळाला होता, पण तो मासा समजला गेला आणि संग्रहालयात माशांतच राहिला. तीस वर्षांनी जेनी क्लॅक यांनी तो पुन्हा पाहिला, दगडात पाय ओळखला आणि २००२ मध्ये त्याला पेडर्पीस हे नाव दिलं. सुमारे एक मीटर लांबीचा हा प्राणी ३५ कोटी वर्षांपूर्वीच्या आसपासचा. अकँथोस्टेगाची वल्ह्यासारखी पावलं बाजूला पसरलेली होती. याचं मागचं पाऊल पुढे वळलेलं आहे, हाडं असमान, जमिनीवर दाब देऊन अंग पुढे ढकलता येईल अशी. कान मात्र अजून पाण्यातलेच. टिक्टालिकपासून त्याच्यापर्यंत अडीच कोटी वर्षांच्या आसपास अंतर आहे. घरभाड्याची तक्रार कोणाकडे न्यायचीच असेल तर ती या पेडर्पीसकडे न्यावी. पुढे वळलेलं पाऊल त्याचं आहे.